खुराड्याचा आपोआप उघडझाप होणारा दरवाजा: घरी बनवायचा तर कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब साताऱ्यात राहतं, कोरेगाव रस्त्याला वस्तीवर २२ गावरान कोंबड्या आहेत. वस्तीवर आई एकट्या असतात, वय सत्तर, गुडघे धरलेले. अंधार पडल्यावर खुराड्यापर्यंत जाऊन दार लावणं आता त्यांना झेपत नाही. मुंगसाने दोन तलंगा (कोवळ्या कोंबड्या) नेल्या. लाइटचा भरवसा नाही. तयार दरवाजा मागवावा का घरी बनवता येईल, आणि तो बसवला की आई निर्धास्त होतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. दरवाजा वेळेवर पडेल, पण आत किती कोंबड्या आहेत ते त्याला कळत नाही. आणि कोंबड्यांशिवाय आणखी काय आत शिरलंय तेही कळत नाही. हे मी नऊ कोंबड्या घालवून शिकलो.

मी सांगली जिल्ह्यात पलूसला पंपाचे स्टार्टर आणि पॅनेल दुरुस्त करतो. घरच्या तीसेक कोंबड्या आहेत, म्हणून हौसेने दरवाजा केला होता. पावसाळ्यात बसवला तेव्हा टायमरला बंद व्हायची वेळ ७:५० लावली आणि विसरलो. नोव्हेंबर आला. सहाला सूर्य मावळायला लागला, सव्वासहाला कोंबड्या दांडीवर जाऊन बसायच्या आणि दार पुढे दीड तास सताड उघडं. एका रात्री रानमांजर त्या वेळात आत शिरलं आणि ७:५० ला त्याच्यामागे दार पडलं. सकाळी दार बरोबर वेळेवर उघडलं, बायकोच्या पायांजवळून ते जनावर उसात गेलं. आत नऊ मेलेल्या. भूक एका कोंबडीची होती, पण कोंडलेलं जनावर फडफड थांबेपर्यंत मारत राहतं. मोटार, बॅटरी, टायमर, सगळं चोख चाललं होतं. चूक माझ्या वेळेची होती.

म्हणून आधी वेळेचं बोलू. बाहेरदेशी मिळणाऱ्या तयार दरवाजांत उजेड ओळखणारा सेन्सर असतो आणि लोकांना वाटतं तो हवाच. त्यांना हवाच असतो. लंडनला डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सव्वानऊ वाजून जातात. आपल्याकडे तसं नाही. सातारा-सांगलीत सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस सहाच्या आसपास, सर्वांत उशिराचा जून-जुलैत सव्वासातच्या आत. वर्षभराचा सगळा फरक सव्वा तासाचा. शिवाय आपली संध्याकाळ आखूड, सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. एवढ्यासाठी सेन्सरच्या नादी लागू नका. सूर्यास्तानंतर साधारण पस्तीस मिनिटांनी दार पडेल अशी वेळ लावायची आणि ती वर्षातून पाचदा बदलायची. माझ्या टायमरच्या डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय: नोव्हेंबर-डिसेंबर ६:४५, जानेवारी-फेब्रुवारी ७:१५, मार्च-एप्रिल ७:३०, मे ते ऑगस्ट ७:५०, सप्टेंबर-ऑक्टोबर ७:२५. तुमच्याकडे पश्चिमेला डोंगर आडवा असेल तर पाच-दहा मिनिटं अलीकडे घ्या. पहिले आठ दिवस स्वतः उभं राहून शेवटची कोंबडी किती वाजता आत जाते ते बघा, माझ्या कागदापेक्षा ते खरं.

सेन्सरचा अनुभवही घेतलाय. भाचा इंजिनीअरिंगला होता तेव्हा त्याने प्रोजेक्ट म्हणून एक दरवाजा केला. अर्डुइनो (प्रोग्रॅम भरायचं छोटं इलेक्ट्रॉनिक बोर्ड), उजेडाचा सेन्सर, मोबाईलवर मेसेज, सगळं त्यात होतं. मे महिन्यात चार वाजता वळीव भरून आला, आभाळ काळंभोर झालं, दार बंद. कोंबड्या बाहेर गारांत. मेसेज मात्र आला, ‘गुड नाइट’ म्हणून. त्यावर तोड निघते, सहाच्या आधी सेन्सरचं ऐकायचं नाही अशी अट घालायची. पण मग टायमर घातलाच की, सेन्सर कशाला?

आता मुंगूस. मुंगूस दिवसा हिंडणारं जनावर आहे, रात्री ते बिळात झोपतं. रात्री दार लावून त्याचा बंदोबस्त होत नाही. तुमच्या तलंगा बहुतेक सकाळी गेल्या असतील, आई उठून दार उघडतात आणि घरात परत येतात त्या वेळात. त्याला विष-सापळा लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. दार उशिरा उघडायचं, हा माझा उपाय. आठ वाजता. तोवर वस्तीवर माणसांची, कुत्र्याची ये-जा सुरू झालेली असते. उशिरा उघडण्याचा दुसरा फायदा उसाच्या शेजारी राहणाऱ्यालाच कळेल: कोंबड्या बहुतांश अंडी सकाळच्या प्रहरात घालतात. आठपर्यंत कोंडलेल्या राहिल्या तर तोवरची अंडी तरी खुराड्यातच मिळतात. नाहीतर पाचटात शोधत फिरा. फक्त आत पाणी ठेवा, त्या सहालाच जाग्या होतात.

दाराकडे येऊ. बिजागरीचं नको, वरखाली सरकणारं करा. भोक एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, तगडा कोंबडाही सहज जातो. पत्रा ॲल्युमिनियमचा किंवा एसीपी शीटचा (दुकानांच्या पाट्यांना वापरतात त्या शीटचा) तुकडा. प्लायवूड फुगतं, पहिल्याच पावसाळ्यात अडकून बसतं. दोन्ही बाजूंना सरकत्या खिडकीचं ॲल्युमिनियम चॅनेल, फॅब्रिकेटरकडे तुकडे पडलेले असतात. पत्रा चॅनेलमध्ये खुळखुळला पाहिजे, दोन-तीन मिलिमीटर सैल. घट्ट बसवलेलं दार बघायला छान आणि पडायला नालायक. दाराचं वजन एक ते दीड किलो ठेवा, हलकं झालं तर खाली लोखंडी पट्टी मारा. तळाशी उंबऱ्याला बाहेरून एक अँगल आडवा मारा, म्हणजे दार त्याच्यामागे दोनेक सेंटिमीटर खाली जाईल आणि बाहेरून नख घालून उचलायला फट राहणार नाही. चॅनेलच्या तळाशी कचरा साठतो, तिथे खालून कापून मोकळं ठेवा.

दार ढकलणारी कुठलीही वस्तू वापरू नका, एवढं माझं ऐका. केबलवाल्यांकडे जुन्या मोठ्या डिशचे ॲक्च्युएटर (डिश फिरवायला दांडा पुढेमागे ढकलणाऱ्या मोटारी) पडलेले असतात, स्वस्तात मिळतात, आत लिमिट स्विच, म्हणजे टोकाला पोचल्यावर मोटार थांबवणारे स्विच, असतात. मोह होतो. मलाही झाला. पण त्याचं बळ एवढं की मधे कोंबडीची मान आली तर त्याला कळायचंही नाही. दार मोटारीने वर ओढायचं आणि खाली स्वतःच्या वजनाने उतरू द्यायचं. किलोभराचं दार अंगावर टेकलं तर कोंबडी केकाटते आणि निसटते, तिला सहसा इजा होत नाही.

मोटार १२ व्होल्टची गिअर मोटार, मिनिटाला दहा फेऱ्यांच्या आसपासची. तिच्या शाफ्टवर तीन सेंटिमीटर व्यासाची रीळ बसवली की एका फेऱ्यात साडेनऊ सेंटिमीटर दोरी गुंडाळली जाते. सव्वा फूट उचलायला चार फेरे, म्हणजे चोवीस-पंचवीस सेकंद. दाराला एवढी सावकाश चाल बरी. ताकदीचा हिशेब: दीड किलो वजन, रिळीची त्रिज्या दीड सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन किलो-सेंटिमीटर. तिप्पट धरून सात ते दहाची घ्या. मोटार घेताना दुकानात शाफ्ट पकडीने फिरवून बघा. सहज फिरला तर ती मोटार उघडं दार धरून ठेवणार नाही, दिवसभरात दार घसरत खाली येईल. वर्म गिअरची घेतली तर हा प्रश्न येत नाही. गाडीच्या पॉवर विंडोची जुनी मोटार चालते, तिला वर्म असतो, पण ती जोरात फिरते आणि करंट जास्त ओढते.

दोरी गवंडी ओळंब्याला बांधतात ती नायलॉनची. उंदीर कुरतडतात, म्हणून दर दसऱ्याला बदलतो.

आता खरी मेख. घरी केलेले बहुतेक दरवाजे जिथे फसतात ती जागा ही. खालचा लिमिट स्विच लोक उंबऱ्यापाशी लावतात: दार खाली टेकलं, स्विच दाबला, मोटार थांबली. दार मधेच अडकलं तर? चॅनेलमध्ये काडी आली, किंवा कोंबडीच उभी राहिली. दार तिथेच थांबतं, स्विच दाबला जात नाही, मोटार फिरतच राहते. दोरी सगळी सुटते आणि मग रीळ तीच दोरी उलट्या बाजूने गुंडाळायला लागते. बंद होणारं दार वर जातं! रात्रभर दार उघडं, आणि सकाळी उघडायच्या वेळी ते खाली येतं. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे असं झालं, त्याला वाटलं कुणीतरी करणी केली.

यावर तोड म्हणजे खालचा स्विच दाराला न लावता दोरीला लावायचा. मोटारीतून दोरी खाली येते त्या वाटेत एक छोटा तरफ-स्विच बसवा, पत्र्याची जीभ असलेला मायक्रो स्विच. जिभेच्या टोकाला छोटी पुली किंवा नुसता वळवलेला तारेचा आकडा, दोरी त्याच्यातून जाते. दोरी ताणलेली असेल तर जीभ दाबलेली राहते आणि मोटारीला वाट मिळते. दोरी सैल पडली की जीभ सुटते, मोटार थांबते. दार उंबऱ्याला टेकलं तरी दोरी सैल, कोंबडीच्या पाठीवर टेकलं तरी सैल. आणि खरी गंमत पुढे आहे. कोंबडी सरकली की दार आणखी खाली येतं, दोरी पुन्हा ताणते, जीभ दाबली जाते, मोटार आपणहून उरलेली दोरी सोडते. यात ना कॉम्प्युटर ना प्रोग्रॅम, पन्नास-साठ रुपयांचा स्विच. पहिल्यांदा हे चाललं तेव्हा मी हात आडवा घालून वीस वेळा बघितलं असेन, बायको म्हणाली जेवायला या.

वायरिंग कुठलाही पॅनेलवाला तासाभरात करेल. १२ व्होल्टचा डिजिटल टायमर, त्याच्या पुढे दोन चेंजओव्हरचा आठ पिनी १२ व्होल्ट डीसी रिले (कॉइलला करंट मिळाला की पलटणारा स्विच), बेससकट. रिले ओढला की मोटारीला सुलट करंट, सुटला की उलट. मोटारीच्या वायरीत दोन लिमिट स्विच ओळीने: वरचा दाराने सुटणारा, खालचा दोरीने. प्रत्येक स्विचवर एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) आडवा. स्विच सुटला की त्या दिशेचा करंट बंद होतो, पण उलट दिशेचा डायोडमधून जातो, म्हणून वर जाऊन थांबलेलं दार संध्याकाळी खाली येऊ शकतं. तीन अँपिअरचे डायोड वापरा. डायोड उलटा बसला तर दार टोकाला थांबणारच नाही, हात स्विचवर ठेवून आधी दोरी न बांधता तपासा. बॅटरीपाशी तीन अँपिअरचा फ्यूज.

लाइटवर काही ठेवू नका. शेतीच्या फीडरला आठ तास थ्री फेज, तीही बऱ्याच ठिकाणी आठवड्याला दिवस-रात्र फिरती, आणि घरगुती लाइन वादळात पहिल्यांदा जाते. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी, १० वॅटचं सोलर पॅनेल, मधे छोटा चार्ज कंट्रोलर. लोकांना वाटतं बॅटरी मोटार खाते. हिशेब करा: मोटार एक अँपिअर, दिवसाला पन्नास सेकंद, म्हणजे एका अँपिअर-अवरचा सत्तरावा हिस्सा. रिलेची कॉइल मात्र सत्तर-ऐंशी मिलीअँपिअर सतत ओढते. बारा तास ओढलेला राहिला तर जवळजवळ एक अँपिअर-अवर. मोटारीच्या साठपट! म्हणून रिले दिवसा ओढलेला आणि रात्री सुटलेला ठेवायचा, म्हणजे दार उघडं असताना ओढलेला. दिवसा पॅनेल त्याचा खर्च भागवतं. आणि टायमर किंवा कॉइल बिघडली तर रिले सुटतो, दार बंद होतं, बिघाड झाला तरी सुरक्षित बाजूला होतो. झडीच्या पावसात पॅनेलने काहीच दिलं नाही तरी अशी बॅटरी तीन दिवस काढते. जुलैत आठवड्यातून एकदा मोटारसायकलच्या चार्जरने वरून चार्ज करा. कोरेगावकडे तेवढं पुरे, पाटण-महाबळेश्वरकडे असता तर दुप्पट पॅनेल सांगितलं असतं.

पंपाच्या मोबाईल स्टार्टरसारखं फोन करून दार लावता येईल का, असं बरेच जण विचारतात. येईल. पण रेंज, सिमचा रिचार्ज, आणि फोन लावायची आठवण, तीन ठिकाणी फसायची सोय. नको.

पॅनेलच्या धंद्यात शिकलेली एक गोष्ट: डबा पाण्याने मरतो त्यापेक्षा मुंग्यांनी जास्त मरतो. रिलेच्या काँटॅक्टमध्ये एक मुंगी चिरडली की करंट जात नाही. भाच्याचा अर्डुइनो असाच संपला, डबा उघडला तर आत अंडी घातलेली. वायर आत जाते ती भोकं सिलिकॉनने बुजवा, आत कापडात बांधून दोन डांबरगोळ्या ठेवा, दर तीन महिन्यांनी नव्या. डबा कोंबड्यांच्या बाजूला नको, डांबरगोळी त्यांनी टोचू नये. पत्र्याच्या छपराखाली लगेच पण नको, एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरी उकडते.

सगळं मिळून साडेतीन-चार हजारांत बसतं, मजुरी सोडून. तयार दरवाजा बाहेरून मागवलात तर बिघडल्यावर त्याला पार्ट मिळायची पंचाईत. हा कोरेगावात मोटार वाइंडिंग करणारा कुणीही दुरुस्त करेल.

दारावर एवढा खर्च करताना जाळीकडे बघा. षटकोनी कोंबडी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, दातांनी फाटते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, आणि जमिनीत फूटभर पुरलेली, नाहीतर घूस खालून येते. बिबट्या फिरत असेल, कराड-शिराळ्याकडे उसात असतो, तर यातलं काही पुरत नाही. तिथे विटेची भिंत आणि लोखंडी दारच.

आता आईंचं. खुराड्याची जाळीची बाजू ओसरीकडे करा आणि आत एक वॅटचा पिवळा एलईडी लावा, दुसऱ्या छोट्या टायमरवर: सूर्यास्तापासून दार पडून गेल्यावर दहा मिनिटांपर्यंत. उजेडामुळे रेंगाळणाऱ्या कोंबड्या आत ओढल्या जातात आणि आईंना ओसरीवरून दांडीवरची डोकी मोजता येतात. दार पडायच्या आधी एकदा, पडल्यावर एकदा. २२ नसतील किंवा कोंबड्या दांडीवर अस्वस्थ असतील, ओरडत असतील, तर शेजारच्या वस्तीवर हाक मारायची. तेवढं माणसाचं काम उरतंच. दोरी दाराला गाठ मारून न बांधता आकड्याने अडकवा, म्हणजे मोटार बंद पडली तर आकडा काढून दार हाताने उचलता-सोडता येतं. वर टांगायला भिंतीत एक खिळा. हे त्यांच्याकडून दोन-तीनदा करून घ्या, नुसतं दाखवू नका.

कोंबड्यांना सवय लागायला आठ-दहा दिवस जातात. सुरुवातीला मोटारीच्या आवाजाला बिचकतात, तेव्हा पहिले दिवस दुपारी दाणे टाकताना दोन-तीन वेळा दार उगाच वरखाली करा. नवीन आणलेल्या तलंगा आठवडाभर आतच कोंडून ठेवा, त्याशिवाय त्यांना हे घर आपलं वाटत नाही, संध्याकाळी झाड शोधतात. गावरान जातीत एखादी तरीही ऐकत नाही. आमच्याकडची एक काळी अजून शेवग्यावरच चढते. तिला रोज सातला उतरवून आत टाकावी लागते, दरवाजा असो नसो.